पाळणाघराचा बदली कंडक्टर

सोमवार, ५ जानेवारी

प्रेमलताचा उजवा हात मोडला. गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन उतरत होती, शेवटच्या पायरीवर पाय चुकला. मनगटाचं हाड आहे. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून दम भरला.

घरी येऊन पलंगावर टेकली आणि पहिलं वाक्य काय, तर "मयुराले अन् सोनिकाले फोन करा जी. पियुषच्या मायलेही. दुसरी सोय पाहा म्हणा, पाळणाघर बंद."

मनीषनगरच्या या घराच्या हॉलमध्ये ती अकरा वर्षांपासून पाळणाघर चालवते. आमचा सौरव पुण्याला नोकरीला गेला आणि घर खायला उठलं, तेव्हा सुरू केलं. आता तिकडे पुलापलीकडे मोठं डे-केअर झालं आहे. एसी, कॅमेरे, भिंतीवर जिराफ. दीड महिना आपण बंद ठेवलं की आईबाप तिकडे जाणार, आणि गेलेले परत येत नाहीत. एकदा ट्रॅव्हल्सच्या गादीवर बसलेला प्रवासी पुन्हा एसटीच्या फलाटावर दिसत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

मी म्हटलं, "बंद नाही होत. मी चालवतो."

"तुम्ही?"

"काहून? जन्मभर कंडक्टरकी केली. पंचावन्न सीट, वरून उभे वेगळे. इथं तीन पोट्टे आहेत."

"त्या पंचावन्नातलं कोणी तुमच्या मांडीवर मुतलं नव्हतं," ती म्हणाली.

मी काय पोरं पाहिली नाहीत? सौरवनं आयुष्यातलं पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकलं. मी तेव्हा गडचिरोलीकडच्या मुक्कामी गाडीवर होतो, चौथ्या दिवशी घरी आलो. दारात तिकिटाची पेटी ठेवली आणि पोरानं खाटेचा पाय सोडला, तो थेट चालत माझ्याकडे. माझी आई म्हणाली होती, "पोरगं बापाची वाट पाहून राहिलं होतं." ही गोष्ट मी कुठल्या डेपोच्या कँटीनमध्ये सांगितली नाही ते विचारावं. आज प्रेमलताला पुन्हा सांगितली. ती डोळे मिटून म्हणाली, "हो जी, माहीत आहे."

उद्यापासून बदली कंडक्टर म्हणून रुपराव हजर.

मंगळवार, ६ जानेवारी

लिहायला अंगात जीव नाही. गोलूनं वरण माझ्या चष्म्यावर फेकलं. पियुषनं सोफ्याच्या मागे एक नंबर केला आणि शांतपणे येऊन सांगितलं. खुशी दिवसभर विचारत होती, "आजी कधी बरी होईल?" दुपारी तिघंही एकाच वेळी रडले, तेव्हा मीही बसलो असतो रडत, पण गोपिका पाहत होती. गोपिका म्हणजे प्रेमलताची मदतनीस, सकाळी येते ती शेवटचं पोर गेलं की जाते. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी गॅलरीत जाऊन या जराक." गेलो. पाच मिनिटं हवा खाल्ली आणि परत आलो.

बंद करणार नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

खुशीची आई सोनिका आज तिला सोडायला आली आणि दारातच घुटमळली. खुशी साडेतीन वर्षांची. सोनिका चप्पल घालते, काढते, पुन्हा घालते. शेवटी म्हणाली, "काकाजी, खुशीचं बाथरूम, कपडे बदलणं वगैरे... ते गोपिकाताईच करतील न?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी फक्त "हो" म्हटलं आणि आत येऊन प्रेमलतासमोर फणफणलो. सगळी नोकरी झाली, एका बाईमाणसाची तक्रार नाही. रात्रीच्या गाडीत एकट्या पोरी माझ्या भरवशावर बसवून द्यायचे लोक. आणि ही पोरगी मला विचारते?

प्रेमलतानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राग काहून येते तुमाले? तिनं तुमाले नाही विचारलं, तिनं तिच्या लेकीसाठी विचारलं. नसतं विचारलं, तं मले राग आला असता. मायनं नाही विचारा तं कोणं विचारा?"

मी अर्धा तास घुश्श्यात होतो. मग उठलो, हॉलचं दार आणि मधलं दार दोन्ही सताड उघडी राहतील अशी दोरीनं बांधून टाकली, आणि संध्याकाळी सोनिका आली तेव्हा स्वतःच सांगितलं: दारं उघडी, बाथरूम गोपिकाचं, गोपिका नसली तर खुशीला मी सांभाळणार नाही, तुला फोन करीन. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तुमाले वाईट वाटलं का काकाजी?" म्हणाली. मी म्हटलं, "वाटलं होतं. आता नाही."

सोमवार, १२ जानेवारी

आज झेंडा रोवला! दुपारी पोरं झोपत नव्हती. तिघांच्या गाद्या एकामागे एक लावल्या, म्हटलं ही मुक्कामी गाडी. कॅलेंडरच्या जुन्या पानाची तिकिटं फाडली आणि माझा ठेवणीतला पंच काढून प्रत्येकाला टक्‌ करून तिकीट दिलं. गाडीचा नियम सांगितला: एक बेल म्हणजे थांबा, गप्प बसा. दोन बेल म्हणजे गाडी निघाली, डोळे मिटा. चमच्यानं ताटलीवर दोन बेल दिल्या. पियुषनं विचारलं, "गाडी कुठं चालली?" म्हटलं, "काटोल." काटोल यायच्या आत तिघं गार. गोलूला अकराव्या महिन्यात काय कळते, पण पंचाच्या टक्‌ आवाजाचं त्याला वेड लागलं आहे, रांगत माझ्या मागे फिरतो.

गोलूची आई मयुरा मिहानमधल्या एका कंपनीत आहे. बाप उन्मेष चंद्रपूरला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. सकाळी गोलूला माझ्याकडे देताना ती हसते, टाटा करते, आणि मग गेटच्या भिंतीआड उभी राहते. त्याचं रडणं थांबेपर्यंत हलत नाही. तिला वाटतं मला दिसत नाही. आरशासमोर उभं राहून मागची सीट पाहणारा माणूस मी, मला सगळं दिसतं.

प्रेमलता आज म्हणाली, "जमून राहिलं तुमाले." एवढंच. पण म्हणाली.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

आजचा दिवस सोन्याचा. सकाळपासून गच्चीगच्चीवर पतंगांचं "ओ काट" चाललेलं. मनात आलं, गोलूची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण करून टाकू. आईबाप नोकरीत बुडालेले, त्यांना कुठला वेळ? आपण केलं तर पाळणाघराचं नाव होईल, जिराफवाल्यांना हे जमणार आहे का? प्रेमलता गोळी घेऊन झोपली होती, गोपिका स्वयंपाकघरात खिचडी लावत होती. मी कोपऱ्यावरून बोरं, मुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे आणले. प्रेमलताच्या एका जुन्या काळ्या साडीचा तुकडा गोलूला गुंडाळला. बोरं घरभर पसरू नयेत म्हणून त्याला आंघोळीच्या टबमध्ये बसवलं आणि डोक्यावरून ओतलं सगळं. पोरगं खिदळलं! खुशी आणि पियुष वेचायला तुटून पडले. फोटो काढला आणि आईबापांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गोलूचं पहिलं बोरन्हाण आबाजींच्या हस्ते."

सोनिकानं हात जोडलेले पाठवले. मयुराचं अजून काही नाही. मीटिंगमध्ये असेल.

नंतर, त्याच दिवशी

मयुरा संध्याकाळची दुपारीच आली. मला वाटलं तिळगूळ द्यायला आली. ती चप्पल न काढता हॉलमध्ये उभी राहिली. गोलूच्या कानामागे एक मुरमुरा चिकटलेला होता, तो तिनं बोटानं काढला आणि हातात धरून ठेवला.

"काकाजी, रविवारी ठेवलं होतं मी. सासूबाई वर्ध्याहून येऊन राहिल्या. हलव्याचे दागिने मी स्वतः केले, ऑफिसातून आल्यावर थोडे थोडे. उन्मेषही घरी असते रविवारी."

मी म्हटलं, "मग रविवारी पुन्हा करू न बेटा, बोरं काय कमी आहेत का?"

हे मी बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले. "पुन्हा कसं जी? दिवसभर तो तुमच्याकडे असते. मले संध्याकाळचा रडवा गोलू भेटते, झोपायच्या आधीचा. हे एक पहिलं मी माझ्यासाठी ठेवलं होतं. एकच."

मग जाताना म्हणाली की पुलापलीकडच्या डे-केअरमध्ये ती एकतीस तारखेनंतरचं विचारणार आहे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १५ जानेवारी

प्रेमलताला काल सांगायची हिंमत झाली नाही. आज गोपिकानं सांगितलं. मला वाटलं भांडेल. ती प्लास्टरवरची धूळ झटकत म्हणाली, "अकरा वर्षांत मी एक काम कधी नाही केलं. कोणाच्या पोराचं पहिलं मी घेतलं नाही. पहिला दात दिसला तं गप्प राहते. पहिला शब्द बोललं तं आयकलाच नाही. पोरगं चाललं तं तोंडातून ब्र नाही काढत. दोन-चार दिवसांत मायले दिसतेच, मग तिनं मले सांगा अन् मी म्हणा, अवं खरं का? पहिलं मायबापाचं असते जी. आपल्याकडे पोरगं नेहमी दुसऱ्यांदाच चालते."

"मग हे मला आधी नाही सांगता येत होतं का?"

"मले काय माहीत तुमी टबमध्ये बसवसान?"

गोलू गेला तर सोनिकाही जाईल, ती आधीच एका पायावर उभी आहे. मग एकटा पियुष. म्हणजे प्रेमलतानं अकरा वर्षं जे उभं केलं ते मी आठवड्यात बुडवलं. वाईट वाटून काय होते पण? गाडी घाटात बंद पडली म्हणून कंडक्टर रडत बसत नाही, उतरून धक्का मारतो. सगळ्यांना फोन करून तो फोटो काढून टाकायला लावला. आता पुढचं.

शनिवार, १७ जानेवारी

भाकरी थापत गोपिकानं सहज विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी ववाळलं कोनं होतं?"

म्हटलं, "कोणी नाही."

प्रेमलतानं मान वर केली. "कुंकू?"

"नाही."

"पाट? रांगोळी? पाच बाया?"

"बाया कुठून आणू? मी अन् ताटली अन् टब."

दोघी एकमेकींकडे पाहून हसायलाच लागल्या. प्रेमलता इतकी हसली की हात दुखला तिचा. "मग ते काय बोरन्हाण झालं जी? ओवाळल्याशिवाय कायचं बोरन्हाण? तुमी पोराच्या डोक्यावर बोरं ओतली, बस्स!"

मला लाज वाटावी की आनंद व्हावा कळेना. पुरुषमाणसाच्या अडाणीपणाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. उद्या जातो मयुराकडे.

रविवार, १८ जानेवारी

पहाटे कॉटन मार्केटला जाऊन गावरान बोरं निवडून आणली, बारकी, लालसर, एकही किडकं नाही. मयुराच्या बिल्डिंगमध्ये जिना चढून बेल दाबली. दार तिनंच उघडलं. मी पिशवी पुढे केली आणि पाठ करून आणलेलं एका दमात बोललो, "बेटा, त्या दिवशी बोरन्हाण झालंच नाही. ओवाळलं नाही, कुंकू नाही, पाट नाही. आंघोळीच्या टबमध्ये बसवलं होतं. ते लिहिलं ते माझ्या अकलेचं दिवाळं. पहिलं आज आहे, ते तुझ्या हातानं होऊ दे. मी जातो."

आतून तिची सासू म्हणाली, "कशात बसवलं होतं म्हणे?"

"टबमध्ये," मी म्हटलं.

म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली. उन्मेषही हसला. मयुरा हसली नाही, पण दारातून बाजूला झाली. "आत या काकाजी. चहा घेऊन जा."

मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. काळ्या झबल्यावर हलव्याचा हार, मुकुट, हातात बासरी. गोलू राजा दिसत होता. पाच जणींनी ओवाळलं. मग मयुरानं ओंजळ भरून बोरं त्याच्या डोक्यावरून सोडली, हळूहळू, एकेक. मी टोपलंभर ओतली होती. सासूबाईंनी माझ्याकडे मूठ केली, "टाका न आबाजी तुमीही." मी म्हटलं, "नाही जी, आज मी प्रवासी."

निघताना मयुरा म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत पाहते काकाजी. नक्की नाही सांगत."

महिनाअखेर तर महिनाअखेर. मी तेवढ्यात सरळ होतो.

गुरुवार, २२ जानेवारी

मयुराला आज फार उशीर झाला. बाकीची पोरं गेली, अंधार पडला म्हणून गोपिकालाही मीच पाठवलं, गोलू माझ्या खांद्यावर झोपला. ती धावत आली, श्वास लागलेला, येतायेताच "सॉरी काकाजी, सॉरी". मी बोटानं एक बेल दाखवली, थांब, गप्प. ती खुर्चीवर बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"घरी सगळे म्हणतात, सोड नोकरी," ती हळूच म्हणाली. "ऑफिसात म्हणतात, तुझं लक्ष घरीच असते. मी कुठंच धड नाही न काकाजी?"

मला असं काही बोलता येत नाही. प्रेमलता असती हॉलमध्ये तर बोलली असती. मी म्हटलं, "सौरव लहान होता तेव्हा मी चार-चार दिवस घरी नव्हतो. पोरगं विसरलं नाही मले. पहिलं पाऊल माझ्यासमोरच टाकलं त्यानं." आणि सगळी गोष्ट सांगितली, पेटी, खाट, सगळं. तिनं नीट ऐकली. "चौथ्या दिवशी आले तुम्ही, अन् तेव्हाच?" असं दोनदा विचारलं. म्हटलं, "अगदी तेव्हाच. पोरं वाट पाहतात."

आतून प्रेमलताच्या खोकल्याचा आवाज आला. थंडी बाधली वाटते तिला.

बुधवार, २८ जानेवारी

आज गोलू चालला.

मी पियुषच्या तिकिटाला पंच करत होतो. टक्‌. गोलूनं खुर्चीचा पाय सोडला, दोन्ही हात हवेत, आणि माझ्याकडे आला. एक, दोन, तीन, चार, आणि धपकन खाली. गोपिका ओरडणार तेवढ्यात मी ताटली उचलून एक बेल दिली. सगळे गप्प. गोलू पुन्हा उठला आणि पुन्हा चालला. माझे डोळे भरून आले आणि मला टाळी वाजवता येत नव्हती. कंडक्टरकीत एवढं अवघड काम कधी केलं नाही.

खुशी आणि पियुषला समोर बसवून सांगितलं की हे गाडीचं गुपित आहे, फोडलं त्याचं तिकीट रद्द. संध्याकाळी मयुरा आली आणि खुशीनं तोंड उघडलंच, "गोलू आज ना..." मी तिच्या हातावर तिळगुळाची वडी ठेवली. ती वडीकडे पाहून म्हणाली, "गोलू आज धपकन पडला."

"कुठून पडला?" मयुरा.

"बसल्या बसल्या," मी म्हटलं.

प्रेमलताला सांगितलं, तुझा नियम पाळला. तिनं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक.

शुक्रवार, ३० जानेवारी

मयुरा सकाळी सोडायला आली तेव्हा आज गेटाआड थांबली नाही, आत येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग गोलूच्या टोपीची नाडी बांधत, माझ्याकडे न पाहता विचारलं, "काकाजी, गोलू अजून धरूनच उभा राहते न?"

मी पापणी हलू दिली नाही. "हो, धरूनच. वेळ आहे अजून."

"एकदाही सोडलं नाही हात?"

"एकदाही नाही. सोडेल तेव्हा तुम्हालाच दिसेल आधी."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हसली, आणि हसताना डोळ्यांत पाणी. बिचारीला काय माहीत. जाताना एकदम खाली वाकली आणि माझ्या पाया पडली. मी गोंधळलो. आज काय सण आहे का?

गोलूच्या पिशवीत कपड्यांखाली नवे बूट सापडले, बोटभर लांबीचे. विसरून राहिले असतील. तळव्याला लाल माती लागलेली. आजकाल दुकानातही नवं म्हणून काय काय देतात!

जिराफवाल्यांचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. उद्या महिनाअखेर.

शनिवार, ३१ जानेवारी

पोरं नाहीत, तरी सकाळपासून फोन उशाशी. दुपार गेली. संध्याकाळी प्रेमलतासाठी लसूण सोलत बसलो होतो, तेवढ्यात वाजला. उन्मेष!

"काकाजी! गोलू चालला! मी दार उघडलं, बॅग खाली ठेवली अन् हा सोफा सोडून थेट माझ्याकडे! पह्यल्यांदा!"

मी म्हटलं, "काय सांगता!" आवाज असा काढला की नाटकात घेतील मला.

मागून मयुराचा हसण्याचा आवाज येत होता. उन्मेष म्हणाला, "अन् सोमवारी येऊन राहिला हं गोलू. मयुरा म्हणते, तिकडे नाही टाकायचं. काकाजींच्याच गाडीत बसवायचं म्हणते."

फोन ठेवला. वाचलं! पाळणाघर वाचलं! मी विशेष काहीच केलं नाही, तरी तिचं मन कसं पालटलं देव जाणे. प्रेमलताला म्हटलं, "पाहिलं? बुधवारी आपल्याकडे चालला, पण घरी तीन दिवस पाऊल नाही टाकलं पठ्ठ्यानं. बापाची वाट पाहून राहिला होता. आपल्या सौरवसारखं!"

प्रेमलता हसायला लागली. थांबेना. पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली.

"काय झालं वं?"

"काही नाही जी. सोला लसूण."

आता यात हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी आंघोळीला बसलो, डोक्यावर तांब्या ओतला आणि ते बूट आठवले. लाल माती. दुकानात कुठली आली लाल माती? त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत आहे. म्हणजे गोलू तिथं चालला होता. म्हणजे मयुरानं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मला विचारत होती, आणि मी पापणी न हलवता खोटं बोललो, आणि ती पाया पडली. आणि मग शनिवारपर्यंत तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

मी साबण लावत राहिलो. पाणी गार झालं. मग दुसरंही डोक्यात आलं.

पंचा गुंडाळून, साबणासकट बाहेर आलो. प्रेमलता ओट्याशी डाव्या हातानं चहा ढवळत होती.

"सौरव माझ्यासमोर दुसऱ्यांदा चालला होता का वं?"

तिनं गॅस बारीक केला. "तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुमच्या मायसमोर चालला. त्याईलेही मी पह्यलंच पाऊल म्हणून सांगितलं. म्हातारीनं दृष्ट काढली होती."

गडचिरोलीची गाडी, चार दिवस. घरात पोरगं चालत होतं आणि हिनं एकटीनं पाहिलं, आणि मी येईपर्यंत पोटात ठेवलं. मी पेटी खाली ठेवली तेव्हा तिनंच त्याला खाटेशी उभं केलं असणार, आत्ता आठवतं, ती खाटेच्या मागे बसलेली होती. नंतर ही गोष्ट मी पाहुण्यांत, लग्नकार्यांत, डेपोत, हजारदा सांगितली. हजारदा ती चहा ओतत ऐकत राहिली.

"एकदाही नाही सांगितलं तुनं."

"कायले सांगू? तुमचं पह्यलं होतं ते." आणि मग, "साबण सुकून राहिला अंगावर, जा."

मी तिथेच उभा राहिलो. तिचा प्लास्टरमधला हात दोन्ही हातांत धरला. ती म्हणाली, "अजी, गोपिका आली," पण हात सोडवून घेतला नाही.

नऊ वाजता मयुरा आली. गोलू तिचं बोट धरून, लाल मातीचे बूट घालून, गेटपासून दारापर्यंत स्वतः चालत आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गप्प. खुशी मागून ओरडली, "आबाजी, गोलू चालला! आता सांगू का?"

मी म्हटलं, "सांग बेटा, जोरात सांग." आणि ताटली उचलून दोन बेल दिल्या.